पोस्तरुम: स्वीडनला नव्यानं आलेल्यांनी हा शब्द आणि ही खोली कशी वापरायची

पुण्यात दापोडी-चिंचवडच्या पट्ट्यात सँडविक, अल्फा लावल, एसकेएफ अशा स्वीडिश कंपन्या कित्येक वर्षं आहेत, त्यामुळे आपली बरीच मंडळी योतेबोरी (म्हणजे गोथेनबर्ग), लुंद, स्टॉकहोमला कामासाठी येतात, शिवाय मास्टर्सला येणारी पोरं वेगळीच. आल्यावर पहिल्या एकदोन आठवड्यांतच रिसेप्शनकडून एक ओळीची मेल येते, तुमचं पाकीट ‘पोस्तरुम्मेत’मध्ये आहे. भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं की टपालाची खोली असं काहीतरी येतं आणि ते बरोबरच आहे, पण त्यावरून ही खोली कुठल्या मजल्यावर, तिथून पाकीट आपण उचलायचं की कुणी द्यायचं, सही लागते का, आणि घरी बिल्डिंगमध्येही तोच शब्द दिसतो तो कसा, यातलं काहीच कळत नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय, क्रमाने वाचा, ज्याला फक्त घरच्या टपालाचं बघायचंय त्याने सरळ चौथ्या पायरीवर उडी मारली तरी चालेल.

पायरी 1: शब्द नीट बघून घ्या

‘पोस्त’ म्हणजे टपाल, ‘रुम’ म्हणजे खोली. ‘त’ आपल्या दातांवरचा त, ट नाही. ‘रुम’मधला उ आखूड आणि जरा विचित्र, आपल्या उ आणि अ च्या मधला कुठलातरी, ओठ पुढे काढून म्हणायचा, आणि शेवटचा म दाबून. रोमन लिपीत लिहिलेला ‘रुम’ बघून काहीजणांना दारू आठवते, पण दारूवाली रम स्वीडिशमध्ये ‘रोम’ आहे, तेव्हा दुकानात आणि ऑफिसात गोंधळ घालू नका.

व्याकरणाचं एवढंच लक्षात ठेवा की जोडशब्दाचं लिंग शेवटच्या तुकड्यावरून ठरतं, आपल्या ‘देवघर’सारखं, देव ‘तो’ असला तरी देवघर ‘ते’च. स्वीडिशमध्ये लिंगं दोनच, ‘एन’ आणि ‘एत’. इथे पोस्त ‘एन’वाला आहे पण रुम ‘एत’वाला, म्हणून ‘एत पोस्तरुम’. ‘ती ठरावीक खोली’ म्हणायचं असेल तर ‘पोस्तरुम्मेत’, अनेक खोल्या असल्या तरी ‘पोस्तरुम’च, आणि त्या सगळ्या ठरावीक खोल्या म्हणजे ‘पोस्तरुम्मेन’. प्रत्यक्षात तुम्हाला ऐंशी टक्के वेळा ‘पोस्तरुम्मेत’ हेच रूप ऐकू येणार, कारण ऑफिसात अशी खोली एकच असते आणि सगळ्यांना ती माहीत असते, तुम्ही सोडून.

लिहिताना जोडून लिहा. देव घर असं तोडून लिहिलं की जसं खटकतं तसं स्वीडिश माणसाला ‘पोस्त रुम’ बघून खटकतं, किंबहुना जास्तच, कारण शब्द तोडून लिहिणं हा त्यांचा राष्ट्रीय चिडचिडीचा विषय आहे. उगाच नाही, अर्थही उलटतो. ‘र्‍योकफ्रित’ जोडून लिहिलं तर धूम्रपान बंदी, तोडून लिहिलं तर ओढा बिनधास्त. आणि टाईप करताना ‘र’ गाळू नका, ‘पोस्तुम’ हा वेगळाच शब्द आहे, त्याचा अर्थ मरणोत्तर. मॅनेजरला ‘पाकीट मरणोत्तरमध्ये ठेवलंय’ अशी मेल गेली तर तो हसेल पण विसरणार नाही.

‘पोस्त’ला टपालाशिवाय बाकीचे अर्थही आहेत, तेही माहीत असू द्या. हिशेबातली एक नोंद म्हणजे एक पोस्त, संस्थेतलं पद म्हणजे पोस्त, पहाऱ्यावर उभं राहणं म्हणजेही पोस्तवर उभं राहणं. पण ‘पोस्तरुम’मध्ये यातला एकही अर्थ शिरत नाही, तिथे फक्त टपाल. ई-मेलला ‘ए-पोस्त’ म्हणतात आणि फालतू मेलला ‘स्क्रेपपोस्त’, म्हणजे कचरा-टपाल. आणि कुणी नुसतं ‘पोस्तेन’ म्हणालं तर दोन शक्यता, आलेलं टपाल किंवा टपाल खातं. जुनी माणसं अजून खात्याला पोस्तेनच म्हणतात, जरी 2009 मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कची टपाल खाती एकत्र झाली आणि पुढे त्याचं नाव पोस्तनूर्द झालं.

‘-रुम’ शेपटीचा एक फायदा घ्या, बिल्डिंगमधल्या आणि ऑफिसातल्या निम्म्या दारांवरच्या पाट्या याच शेपटीच्या असतात. सूपरुम कचऱ्याची, मिल्योरुम रिसायकलिंगची, सिकेलरुम सायकलींची, फिकारुम चहा-कॉफीची, शीद्सरुम म्हणजे युद्धकाळातलं आश्रयस्थान, ते बहुतेक तळघरात असतं आणि शांततेत तिथे लोकांचं अडगळीचं सामान भरलेलं असतं. ‘वीलरुम’ मात्र टॉयलेट नाही हां, ती खरंच आडवं पडायची खोली आहे, ऑफिसात डोकं दुखत असेल तर तिथे पलंग असतो.

पायरी 2: ऑफिसातली खोली शोधा आणि तिथल्या पाट्या वाचा

पहिल्याच दिवशी विचारून टाका: ‘वार लिगेर पोस्तरुम्मेत?’ म्हणजे टपालखोली कुठेय. कुणाला विचारायचं तर रिसेप्शनला, किंवा ‘वाक्तमेस्तारे’ला. हा वाक्तमेस्तारे म्हणजे आपल्याकडचा शिपाई, केअरटेकर, इलेक्ट्रिशियनचा मदतनीस आणि बिल्डिंगचा ज्ञानकोश या सगळ्यांचं मिश्रण, त्याच्याशी पहिल्या आठवड्यात ओळख करून घेतलीत तर पुढची दोन वर्षं सुखात जातील. त्याला नावाने हाक मारा, इथे साहेब-मॅडम काही नसतं, एमडीलाही नावानेच.

मध्यम ऑफिसात वेगळी टपालखोली नसतेच, झेरॉक्स मशीन, कागदाची रिमं, पंचिंग मशीन आणि टपाल सगळं एकाच खोलीत, आणि दारावर लिहिलेलं असतं ‘पोस्त- ओक कोपिएरिंग्सरुम’. ते ‘पोस्त’नंतरचं छोटं आडवं चिन्ह चुकून राहिलेलं नाही, त्याचा अर्थ ‘रुम’ शेवटी एकदाच येणार आहे, आपण ‘टपाल आणि झेरॉक्सची खोली’ म्हणतो तसंच. मोठ्या हॉस्पिटलात किंवा कारखान्यात मात्र खोलीऐवजी पूर्ण विभाग असतो, त्याला पोस्तसेंत्राल किंवा पोस्तअवदेलनिंग म्हणतात, तिथे माणसं कामाला असतात, आणि अशा ठिकाणी तुम्ही आत शिरायचं नसतं, खिडकीवर जायचं. ‘पोस्तकोन्तूर’ हा शब्द ऐकलात तर ते पोस्ट ऑफिस, ऑफिसातली खोली नव्हे, आणि खरं सांगायचं तर तसली पोस्ट ऑफिसं आता नावालाच, 2000 नंतरच्या एकदोन वर्षांत ती बंद करून काम किराणा दुकानांत हलवलं, त्याचं पुढे बोलू.

आत गेलात की भिंतीवर कप्प्यांची मांडणी दिसेल. एका कप्प्याला ‘फाक’ म्हणतात, पोस्तफाक. हो, इंग्रजी शिवीसारखा ऐकू येतो, सगळे नवे लोक पहिल्या मीटिंगमध्ये दचकतात, दोन दिवसांत सवय होते. (युनियनलाही ‘फाकेत’च म्हणतात, तेव्हा ‘फाकेतशी बोललास का’ हे टपालाबद्दल नसणार.) कप्प्यावर आडनावाची पट्टी असते, आडनावानुसार लावलेले असतात, आणि इथे आपल्या लोकांची गंमत होते, कारण पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि एचआरच्या सिस्टीममध्ये कधी तेच आडनाव म्हणून पडतं. मग कुलकर्णीबाईंचं टपाल ‘सुरेश’खाली ठेवलं जातं. पट्टीवर काय लिहिलंय ते स्वतः डोळ्यांनी बघा आणि चूक असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या. वर्णमालेतही लक्ष ठेवा, रोमन ए वर गोल, ए वर दोन टिंबं आणि ओ वर दोन टिंबं अशी तीन अक्षरं झेडच्याही नंतर, सगळ्यात शेवटी येतात, त्यामुळे त्या अक्षरांनी सुरू होणारं सहकाऱ्याचं नाव वर शोधत बसू नका.

कप्प्यांखाली किंवा टेबलावर ट्रे असतात. ‘इनकोम्मांदे’ म्हणजे आलेलं, ‘ऊतगोएंदे’ म्हणजे जाणारं, ‘इनरिकेस’ देशांतर्गत, ‘ऊतरिकेस’ परदेशी, ‘इंटर्नपोस्त’ म्हणजे कंपनीतल्या कंपनीत. ‘सेक्रेतेस’ किंवा ‘माकुलेरिंग’ लिहिलेली कुलूपबंद पेटी असेल तर तिच्यात टाकलेला कागद परत मिळणार नाही, तो थेट फाडायला जातो. पत्र टाकायची पेटी समजून तिच्यात काही टाकू नका, वरची फट सेम टू सेम असते.

इंटर्नपोस्तचं पाकीट एकदा हातात घेऊन बघाच. तपकिरी, वापरून वापरून मऊ झालेलं, वर नावांच्या ओळी छापलेल्या, मागच्याने स्वतःचं नाव खोडायचं आणि खालच्या रिकाम्या ओळीत पुढच्याचं नाव-विभाग लिहायचं, चिकटवायचं नाही. त्यावर बाहेरगावचा पत्ता लिहून ऊतगोएंदेमध्ये टाकलं तर वाक्तमेस्तारे ते हातात घेऊन तुम्हाला शोधत येईल. लुंद विद्यापीठात तर अंतर्गत टपालाला नावाबरोबर ‘हेम्तस्तेल्ले’ नंबर लागतो, म्हणजे टपाल उचलायच्या ठिकाणाचा नंबर, तो तुमच्या डिपार्टमेंटच्या पत्त्यातच लिहिलेला असतो.

जाणाऱ्या टपालावर तिकीट लावायची गरज नसते, खोलीत नाहीतर रिसेप्शनच्या मागे फ्रांकेरिंगचं, म्हणजे तिकिटाऐवजी शिक्का मारायचं मशीन असतं किंवा टपाल कंपनीशी करार असतो. पण हे ऑफिसच्या कामापुरतंच. आईला पाठवायचं भेटकार्ड ऑफिसच्या खर्चाने पाठवणं इथे फार वाईट दिसतं, कुणी बोलणार नाही, फक्त लक्षात ठेवतील. स्वतःचं पत्र असेल तर किराणा दुकानातून तिकिटं घ्या, ‘फ्रिमेर्के’ म्हणतात, आणि रस्त्यावरच्या पिवळ्या पेटीत टाका. देश-परदेश दोन्हीला पिवळी चालते.

पायरी 3: कुठला पत्ता कुणाला द्यायचा ते ठरवा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. स्वीडिश कंपनीचे किंवा विद्यापीठाचे दोन, कधी तीन पत्ते असतात आणि तिन्ही खरे असतात. ‘पोस्तअद्रेस’ हा पत्रांसाठी, आणि तो बऱ्याचदा बॉक्स नंबर असतो, म्हणजे लुंद विद्यापीठ बॉक्स 117, 221 00 लुंद, किंवा योतेबोरी विद्यापीठ बॉक्स 100, 405 30 योतेबोरी. या पत्त्यावर कुरियरवाला लॅपटॉपचं खोकं घेऊन येऊ शकत नाही, कारण तिथे इमारतच नाही, तो टपाल कंपनीकडचा एक कप्पा आहे. माणसाने जायचा पत्ता तो ‘बेसोक्सअद्रेस’. आणि सामान उतरवायचा पत्ता ‘लेवेरान्सअद्रेस’, तो इमारतीच्या मागच्या बाजूला ‘गूद्समोत्तागनिंग’पाशी, जिथे ट्रक लागतो.

तर पत्र, पुस्तक, कागदपत्रं असतील तर पोस्तअद्रेस द्या, ती टपालखोलीतून तुमच्या कप्प्यात येतील. खोकं असेल, मशीनचा पार्ट असेल, मॉनिटर असेल तर लेवेरान्सअद्रेस, आणि ते टपालखोलीत येणारच नाही, गूद्समोत्तागनिंगवाले मेल करतील, तिकडे जाऊन आणायचं. ऑर्डर करताना नावाबरोबर विभाग आणि जमल्यास खोली नंबर लिहायला सांगा. नुसतं ‘देशपांडे, अमुक कंपनी’ असं लिहिलं आणि कंपनीत तीन देशपांडे असले (असतात) तर खोकं आठवडाभर कोपऱ्यात पडून राहतं.

पिनकोड पाच आकडी, तीन आकड्यांनंतर जागा सोडायची. पहिल्या आकड्यावरून भाग कळतो, 1 ने सुरू म्हणजे स्टॉकहोमकडचा, 2 दक्षिणेतल्या स्कोने प्रांताकडचा, 4 योतेबोरीकडचा, 9 वर उत्तरेला. ही पद्धत 1968 पासूनची. मोठ्या संस्थांना स्वतःचा वेगळा पिनकोड असतो, टॅक्स खात्याचा 171 94 सोल्ना, स्टॉकहोम विद्यापीठाचा 106 91, म्हणून नकाशात शोधल्यावर भलतंच काहीतरी आलं तर घाबरू नका.

सरकारी ऑफिसात, म्युनिसिपालिटीत, विद्यापीठात नोकरी असेल तर आणखी एक गोष्ट, कारण तिथली टपालखोली नुसती खोली नसून कायद्याचा उंबरठा असतो. स्वीडनमध्ये 1766 पासून सरकारी कागद लोकांना बघायला मिळण्याचा हक्क आहे, आणि सरकारी कार्यालयात आलेलं पत्र हे ‘आल्मेन हान्दलिंग’, सार्वजनिक दस्तऐवज ठरू शकतं, कुणीही मागू शकतो. म्हणून ‘रेगिस्त्रातोर’ नावाची व्यक्ती टपाल उघडून तारखेचा शिक्का मारून नोंद करते. तुमच्या नावाने आलेलं पत्रसुद्धा कामाचं असू शकतं, पण दुसऱ्याच्या नावाचं पाकीट परवानगीशिवाय उघडता येत नाही, त्यामुळे जॉइन होताना एक ‘फुल्लमाक्त’ सही करायला देतात, म्हणजे माझं टपाल उघडायला हरकत नाही असं मुखत्यारपत्र. घाबरायचं काही नाही, पण याचा अर्थ इतकाच घ्या की लग्नाचे, घटस्फोटाचे, बँकेचे, डॉक्टरचे कागद ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचे नाहीत.

पायरी 4: घरचं टपाल, म्हणजे दारावरचं नाव

नवीन बिल्डिंगच्या जाहिरातीत तळमजल्यावर पोस्तरुम आणि पाकेतरुम असं लिहिलेलं दिसेल, इथे त्याचा अर्थ ऑफिससारखा नाही, सगळ्या फ्लॅटच्या पेट्या एकत्र लावलेली जागा. पेटीला ‘फास्तिहेत्सबॉक्स’ म्हणतात, किल्ली किंवा कोड असतो. जुन्या बिल्डिंगमध्ये पेट्या नसतात, फ्लॅटच्या दारालाच फट, ‘ब्रेव्हिनकास्त’, पोस्टमन जिने चढून येतो आणि पत्र थेट तुमच्या चपलांवर पडतं. घर स्वतंत्र असेल तर रस्त्याकडेला ‘ब्रेव्हलोदा’. भाड्याचं घर घेताना यातलं काय आहे ते विचारा, आणि पेटी असेल तर तिची किल्ली घराच्या किल्ल्यांबरोबरच मागून घ्या, नंतर घरमालक सुट्टीवर जातो.

आता मुद्द्याचं. आपल्या गावाकडे मु.पो. अमुक, ता. तमुक लिहिलं की पोस्टमन माणूस शोधून काढतो, कोण कुणाचा कोण त्याला पाठ असतं. इथला पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो आणि ते पत्रावरच्या नावाशी जुळवतो, जुळलं नाही तर पत्र परत. घर नंबर बरोबर आहे, फ्लॅट नंबर बरोबर आहे, तुम्ही आत बसलाय, काही उपयोग नाही, दारावर नाव अँडरसन आहे आणि पत्र जोशींचं आहे तर ते गेलं. आणि सुरुवातीला जी जी महत्त्वाची कागदं असतात ती सगळी पत्रानेच येतात, टॅक्स खातं, म्हणजे स्कात्तेवेर्केत, पर्सोननुम्मर, म्हणजे तुमचा इथला ओळख क्रमांक, कळवतं ते पत्राने, बँकेचं कार्ड पत्राने, त्याचा पिन वेगळ्या पत्राने. पर्सोननुम्मर नाही तर बँक-आयडी (बँकेकडून मिळणारी डिजिटल ओळख) नाही, बँक-आयडी नाही तर या देशात जवळजवळ काहीच करता येत नाही. सगळी साखळी त्या एका नावाच्या पट्टीवर लटकलेली आहे.

म्हणून घरात शिरलात की सामान उघडायच्या आधी पट्टी. पक्कं भाड्याचं घर असेल तर घरमालक कंपनी किंवा सोसायटी छापील पट्टी लावून देते, त्यांना मेल करा, आणि ती येईपर्यंत कागदावर ठळक लिहून सेलोटेपने चिकटवा, चालतं, बरेच लोक करतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, घरात नवरा-बायको दोघांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही, मुलांचं आडनाव वेगळं पडलं असेल तर तेही.

घर ‘आन्द्राहान्द’ असेल, म्हणजे भाडेकरूचे तुम्ही भाडेकरू (सुरुवातीला बहुतेकांचं हेच), तर मूळ माणूस कधीकधी पट्टी बदलू देत नाही. मग सी-ओ वापरायचं, आपण पत्रावर ‘द्वारा श्री. अमुक’ लिहायचो तेच. वरच्या ओळीत तुमचं नाव, त्याखाली सी-ओ आणि दारावर ज्याचं नाव आहे ते, मग रस्ता-नंबर, मग पिनकोड आणि गाव. ही सी-ओ ओळ फक्त मित्रांना सांगून भागत नाही, स्कात्तेवेर्केतमध्ये नाव नोंदवताना, ज्याला फोल्कबूकफोरिंग म्हणतात, तिथेही लिहा, कारण बँक आणि बाकी सरकारी ऑफिसं पत्ता तिथूनच उचलतात. आणि दारावरच्या माणसाला सांगून ठेवा की तुझ्या नावाखाली माझी पत्रं येणार आहेत, नाहीतर तो भला माणूस ती परत पाठवून देईल.

फ्लॅटचा चार आकडी नंबर असतो, लेगेन्हेत्सनुम्मर. 1203 म्हणजे तिसरा फ्लॅट, पण बारावा मजला नव्हे. 10 म्हणजे प्रवेशद्वाराचा मजला, 11 त्याच्या वरचा, 12 त्याच्याही वरचा, आणि शेवटचे दोन आकडे जिन्याने वर आल्यावर डावीकडून मोजायचे. फॉर्ममध्ये तो भरा, मोठ्या बिल्डिंगमध्ये लागतो, पण तो नावाच्या पट्टीची जागा घेत नाही.

पत्रं रोज येत नाहीत. पोस्तनूर्द आता दिवसाआड वाटप करतं, एका आठवड्यात सोम-बुध-शुक्र, पुढच्या आठवड्यात मंगळ-गुरू. शिवाय 1993 मध्ये टपालाची मक्तेदारी संपल्यापासून दुसऱ्या कंपन्याही पत्रं वाटतात, त्यामुळे एकाच पेटीत दोन वेगळे पोस्टमन टाकून गेले असं होऊ शकतं. जाहिरातींचे गठ्ठे नको असतील तर पेटीवर ‘इंगेन रेक्लाम, ताक’ अशी चिठ्ठी लावा. ताक म्हणजे धन्यवाद, हा विनोद पहिल्या महिन्यात प्रत्येक मराठी घरात होतो, तुमच्याही होईल.

दुसऱ्याचं पत्र तुमच्या पेटीत आलं तर उघडू नका, तो गुन्हा आहे. शेजाऱ्याचं असेल तर त्याच्या पेटीत सरकवा, माणूसच ओळखीचा नसेल तर पाकिटावर ‘फेलदेलात’ लिहून, म्हणजे चुकीच्या जागी टाकलेलं, पिवळ्या पेटीत टाकून द्या.

पायरी 5: पार्सल आणि ‘अवी’

पेटीत मावत नाही ते सगळं दुकानात जातं. दुकानाला या कामापुरतं ‘ओम्बूद’ म्हणतात, म्हणजे प्रतिनिधी, आणि ते इका, कूप असलं किराणा दुकान असतं, कधी कोपऱ्यावरचं तंबाखू-लॉटरीचं. तुमच्या मोबाईलवर किंवा पेटीत ‘अवी’, म्हणजे पार्सल आल्याची सूचना, येते, तिच्यावर नंबर, दुकानाचं नाव आणि कुठल्या तारखेपर्यंत ठेवतील ते लिहिलेलं असतं. तारीख गेली की पार्सल परत, इथे ‘दादा, दोन दिवस सांभाळून घ्या ना’ चालत नाही. काउंटरवर ‘याग स्का हेम्ता एत पाकेत’ म्हणा, नंबर दाखवा, ओळखपत्र दाखवा. ओळखपत्राला बोलताना ‘लेग’ म्हणतात, नवीन असाल तर पासपोर्टच न्या. काही पार्सलं चौकातल्या लॉकरमध्ये येतात, तिथे माणूसच नाही, ॲपने दार उघडतं.

‘रेक’ लिहिलेलं असेल तर ते रजिस्टर पत्र, त्याला ओळखपत्र आणि सही लागतेच. ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं रेक तुमच्या कप्प्यात सापडणार नाही, ते टपालखोलीत कुणीतरी सही करून घेतलेलं असतं आणि तुम्ही परत सही करून न्यायचं.

भारतातून खाऊचं पार्सल मागवत असाल तर दोन गोष्टी घरी आधीच सांगा. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या मालावर ‘मोम्स’, म्हणजे इथला व्हॅट, लागतो, साधारण वस्तूंना 25 टक्के, वर टपाल कंपनीची फी, आणि ते भरल्याशिवाय पार्सल पुढे सरकत नाही. माणसाने माणसाला पाठवलेली भेट असेल आणि किंमत 500 क्रोनरपर्यंत असेल तर मोम्स माफ, पण वर भेट असं लिहिलेलं आणि किंमत खरी लिहिलेली हवी. दुसरं, मांस आणि दुधाचे पदार्थ पार्सलने आणायला बंदी आहे, म्हणजे आईचं कणीदार तूप आणि पेढे नकोत, ते कस्टममध्येच संपतात. आणि खाऊचं पार्सल ऑफिसच्या टपालखोलीच्या पत्त्यावर अजिबात मागवू नका. बऱ्याच कंपन्यांत खाजगी पार्सलला मनाई असते, आणि जिथे नसते तिथेही लसणाची चटणी चार दिवस बंद खोलीत राहिली की कुणाचं पार्सल ते सगळ्या मजल्याला कळतं.

पायरी 6: बोलण्यात वापरा

‘हार याग फोत नोगोन पोस्त?’ म्हणजे मला काही टपाल आलंय का. ‘दे लिगेर ई दित फाक’ म्हणजे तुझ्या कप्प्यात आहे. खोलीला ‘ई’ लावायचं, ई पोस्तरुम्मेत, पण टपाल खात्याला ‘पो’, पो पोस्तेन. हा फरक स्वीडिश लोक न विचार करता करतात आणि तुम्ही चुकलात तरी समजून घेतात. एक म्हण ऐकाल, ‘सोम एत ब्रेव्ह पो पोस्तेन’, टपालातल्या पत्रासारखं. त्याचा अर्थ हमखास येणारच, ठरल्यासारखं. आदल्या दिवशी मॅच बघत जागलास आणि सर्दी आली, टपालातल्या पत्रासारखी. हल्ली दिवसाआड वाटप सुरू झाल्यापासून लोक ही म्हण जरा हसूनच वापरतात.

शब्दाच्या पलीकडची हौस असेल तर स्टॉकहोमच्या गामला स्तानमध्ये, लिला नीगातानवर पोस्टम्युझियम आहे. टपाल खातं 1636 मध्ये सुरू झालं, तेव्हापासूनचं तिथे मांडलंय, आणि मॉरिशसची ती जगप्रसिद्ध पोस्ट ऑफिस छापाची तिकिटंही त्यांच्याकडे आहेत. पावसाळी रविवारी पोरांना घेऊन जायला बरी जागा.

पायरी 7: कागदाचं कमी करा, आणि जाताना आवरून जा

पर्सोननुम्मर आणि बँक-आयडी हातात आलं की किव्रासारख्या डिजिटल टपालपेटीत नाव नोंदवा, मग टॅक्स खात्याची आणि बऱ्याच कंपन्यांची पत्रं मोबाईलवर येतात आणि दारावरच्या पट्टीची धाकधूक कमी होते. पूर्ण संपत नाही, कार्ड आणि काही कागद तरीही कागदानेच येतात.

घर बदललंत तर नवा पत्ता कळवणं हे एक काम आणि जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या पत्त्यावर वळवणं, ‘एफ्तेरसेन्दनिंग’, हे दुसरं, त्याचे पैसे पडतात पण भारतात परत जात नसाल तर घ्याच, कारण जुन्या घरी कोण राहायला आलंय आणि तो तुमचं पत्र ठेवेल की फेकेल याचा भरवसा नसतो. नोकरी सोडताना कप्पा रिकामा करा, रेगिस्त्रातोर किंवा रिसेप्शनला पुढचा पत्ता द्या, दिलेलं फुल्लमाक्त रद्द करायला सांगा. घर सोडताना पेटीवरची स्वतःची पट्टी काढा आणि पेटीची किल्ली बाकीच्या किल्ल्यांबरोबर परत देऊन कागदावर किती किल्ल्या दिल्या ते लिहून घ्या, डिपॉझिट कापायला ती एक छोटी किल्ली पुरते.